राखाडी म्हणून मारला, निळा निघाला: एकसारख्या राखाडी शेडमधून निवडताना दर वेळी होणारा घोळ

तक्रार साधारण अशी असते. शेडकार्डावर पाच राखाडी चौकोन शेजारी शेजारी आहेत आणि पाचही सारखेच वाटतात. त्यातला एक "हा बरा वाटतोय" म्हणून निवडला जातो, दोन हात मारून होतात, सामान जागेवर लागतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावल्यावर घरातलं कुणीतरी विचारतं, "ही भिंत जांभळी का दिसतेय?" एकदा दिसलं की ते दिसतच राहतं. पुढच्या वेळी तोच माणूस आणखी काळजीने, आणखी शेडकार्डं पसरून निवडतो. या खेपेला भिंत हिरवट निघते.

मी या चक्रात तीन खोल्या घालवल्या. चौथ्या खोलीला निवड जमली. तोवर माझा डोळा काही तयार झाला नव्हता, फक्त बघायची पद्धत बदलली होती. खाली आहे ती पद्धत. अमुक कोड घ्या असं कुठेच सांगणार नाही, कारण माझ्या खोलीत छान दिसलेला राखाडी तुमच्याकडे तसाच दिसेल याची खात्री मलाच नाही. (माझ्या भावाने तो कोड घेतला होता. त्याची गोष्ट पुढे येईल.)

मुळात राखाडीच का दगा देतो

विटकरी भिंत सकाळी बघा, रात्री बघा, ट्यूबलाइटखाली बघा. थोडी उजळेल, थोडी मळेल, पण विटकरीच राहील. राखाडीचं तसं नाही. रंग आणि उजेड यांच्या मोजमापाचं काम पाहणाऱ्या सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ साली रंग आकड्यांत मांडायची एक पद्धत ठरवली. तिच्यात प्रत्येक रंगाला तीन आकडे मिळतात: उजळपणा किती, तांबड्या-हिरव्याच्या रेषेवर तो कुठे आणि पिवळ्या-निळ्याच्या रेषेवर कुठे. विटकरीचे दुसरे-तिसरे आकडे भरभक्कम असतात, त्यात दोन इकडेतिकडे झाले तरी कुणाला पत्ता लागत नाही. शुद्ध राखाडीत हे दोन्ही आकडे शून्य असतात. तिथे दोनाची सरक म्हणजे रंगाचं नावच बदललं.

आणि डब्यातला राखाडी शुद्ध फारच क्वचित असतो. मशीनवर रंग बनताना पाहिलाय का कधी? पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य असलेल्या रंगात, वरून वेगवेगळ्या रंगद्रव्यांची धार पडते. त्यात नुसता काजळी काळा पडला तर राखाडी निळसर होतो. लहानपणी पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये काळा कालवून ढग रंगवले असतील त्यांना हे आठवेल. तो निळेपणा मारायला पिवळा ऑक्साइड घालतात, कधी तांबडा ऑक्साइड, कधी आणखी काही. म्हणजे प्रत्येक राखाडी ही एक तडजोड असते आणि ती कुठल्या बाजूला झुकलीय ते कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनात कळत नाही.

या झुकण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: झाक. "हा रंग कसला?" हे विचारणं सोडून "हा झाक कसली मारतो?" असं विचारायला लागा. अर्धी चूक तिथेच टळते. पारवा म्हटलं की निळसर काहीतरी डोळ्यांपुढे येतं, करडा म्हटलं की थोडं मातकट. भाषेने या दोघांना वेगळं ठेवलं होतं. शेडकार्डाने सगळ्यांना "ग्रे"च्या एकाच पानावर बसवलं.

पाच चौकोन हुबेहूब वाटतात, फरकच कळत नाही

ते एकसारखे नसतात. तुम्ही ते एकेक करून बघताय, एवढंच. एकटा राखाडी समोर असला की डोळा त्याला मुकाट्याने "राखाडी" मानून टाकतो. तुलनेला काहीतरी मिळालं की तो बोलायला लागतो.

पांढऱ्या कोऱ्या कागदावर पाचही चौकोन कापून एकमेकांना चिकटवून ठेवा. मध्ये फट नको. दिवसाच्या उजेडात, खिडकीपासून हातभर अंतरावर, ऊन थेट पडत नसेल अशा जागी. दोन मिनिटं बघत राहिलात की एक गुलाबीसर वाटायला लागेल, त्याच्या शेजारचा हिरवट. छपाईचा कागद स्वतः किंचित निळसर असतो, त्यात उजळपणा वाढवणारी द्रव्यं असतात. पण सगळे चौकोन त्याच कागदावर आहेत, त्यामुळे तुलना बिघडत नाही. फोटोग्राफरकडचं ग्रे कार्ड मिळालं तर आणखी उत्तम, ते मुद्दाम झाक नसलेलं बनवलेलं असतं. त्याच्या कडेला शेड लावली की झाक लगेच चुगली करते.

दुसरा उपाय आळशी माणसासाठी. शेडकार्डाच्या ज्या पट्टीवर तुमचा फिका राखाडी आहे, त्याच पट्टीच्या तळाचा सगळ्यात गडद रंग बघा. तो सरळसरळ नेव्ही निळ्याकडे जात असेल तर तुमचा फिकाही बहुधा त्याच घराण्यातला आहे. तो ओल्या मातीसारखा असेल तर तुमचा तपकिरीकडचा. "बहुधा" म्हणायचं कारण, प्रत्येक कार्डाची पट्टी एकाच रंगद्रव्याची असेल असं नाही.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो: कोड वाचा. सगळ्या कंपन्यांचे कोड बोलत नाहीत, पण काही पद्धतींचे बोलतात. स्वीडनच्या एनसीएस पद्धतीत "एस २०००-एन" म्हणजे काळेपणा २०, रंगीतपणा शून्य, झाक कुठलीच नाही. "एस २००२-बी" म्हणजे काळेपणा तेवढाच, पण दोन अंश निळ्याकडे. शेवटच्या अक्षरात वाय असेल तर पिवळ्याकडे, आर तांबड्याकडे, जी हिरव्याकडे. शेडकार्डाकडे तासभर टक लावून जे कळत नाही ते दोन अक्षरांत लिहिलेलं असतं. जर्मनीच्या राल क्लासिक पद्धतीत बहुतेक राखाडी ७००० च्या मालिकेत येतात, पण त्या आकड्यावरून झाक कळत नाही, ती बघूनच ठरवावी लागते.

भिंतीवर पॅच मारून बघितला, तरी फसलो

माझी पहिली खोली इथेच गेली, म्हणून याच्यावर जरा थांबते.

भिंत फिकट पिवळी होती, लोण्याच्या रंगाची. मी शहाणपणा करून थेट भिंतीवर चार राखाडींचे वीतभर पॅच मारले. चारही निळे दिसले. मला निळा नको होता, म्हणून त्यातला सगळ्यात कमी निळा वाटणारा घेतला. खोली पूर्ण झाली तेव्हा भिंतींना ओल्या गोणपाटाचा रंग आला होता. रंगारीकाका म्हणाले, "ताई, डबा तोच आहे, बघा." डबा तोच होता.

झालं काय, तर पिवळ्याच्या मध्ये ठेवलेला कुठलाही राखाडी निळ्याकडे झुकलेला दिसतो. डोळा शेजारच्या रंगाच्या विरुद्ध बाजूला ओढला जातो. हे कोडं फार जुनं आहे. पॅरिसमध्ये गोबलँ हा चित्रपडदे विणणारा प्रसिद्ध कारखाना आहे. तिथे १८२४ पासून मिशेल युजेन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचं खातं सांभाळत होता. निळ्या-जांभळ्या कापडाच्या सावलीत वापरलेला काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळा रंग तपासला, तो चांगला होता. दोष शेजारच्या धाग्यांचा होता. यावर त्याने १८३९ साली भलामोठा ग्रंथच काढला. माझ्या भिंतीवर नेमकं तेच झालं होतं, फक्त मी रसायनशास्त्रज्ञ नव्हते. पिवळ्या भिंतीने निर्माण केलेला खोटा निळा टाळायला मी खरा तपकिरी विकत घेतला. पिवळी भिंत झाकली गेली, खोटा निळा गेला आणि तपकिरी तेवढा उरला.

म्हणून जुन्या रंगावर थेट पॅच मारू नका. पुठ्ठ्यावर मारा. चांगला जाड, पांढरा, दोन फूट लांब-रुंद पुठ्ठा. त्यावर ज्या रोलरने भिंत रंगवणार त्याच जातीच्या रोलरने दोन हात, आणि चारही बाजूंनी दोन बोटं पांढरी कड सोडायची. ती कड तुमच्या जुन्या रंगाला लांब ठेवते. पुठ्ठा कोरडा होईपर्यंत मत बनवायचं नाही. इमल्शन ओलं असताना दुधाळ असतं, वाळताना तो दुधाळपणा जातो आणि रंग गडद होतो. ओला पॅच बघून "फार फिका आहे" म्हणत एक पायरी गडद घेणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

पुठ्ठा जमिनीवर किंवा टेबलावर आडवा ठेवून बघणं ही आणखी एक नेहमीची चूक. आडव्या पृष्ठभागावर वरून उजेड पडतो, भिंतीला तो तिरका मिळतो. ज्या भिंतीवर रंग जाणार आहे तिथे उभा टेकवा, डोळ्यांच्या उंचीला. खिडकीसमोरच्या भिंतीवर एकदा आणि खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्यावर एकदा, कारण त्या दुसऱ्या भिंतीला खिडकीचा थेट उजेड मिळतच नाही.

दिवसा बरा दिसतो, रात्री जांभळा

आता भावाची गोष्ट. त्याने माझ्या चौथ्या खोलीचा कोड घेतला, फिनिश तेच, डबा त्याच नावाचा. आठवड्याने रात्री फोन: "ताई, माझी भिंत जांभळी झालीये."

व्हिडिओ कॉल लावला तर मला साधा राखाडी दिसत होता. तो वैतागला, त्याला वाटलं मी समजूत काढतेय. फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा तोल आपोआप साधतो, त्यामुळे खोलीत जी झाक पसरलेली असते नेमकी तीच तो पुसून टाकतो. रंग ठरवायला फोनवरचा फोटो कुणाला पाठवू नका आणि कुणाचा मागवू नका.

त्याला म्हटलं, कोरा कागद घे आणि एकेका बल्बखाली धर. तीन बल्ब होते, तिन्हींवर "वॉर्म व्हाइट" लिहिलेलं. दोघांखाली कागद पिवळट दिसला, तिसऱ्याखाली चक्क गुलाबी. त्या तिसऱ्याचाच उजेड भिंतीवर सगळ्यात जवळून पडत होता. एलईडीच्या बाबतीत हे होतं. लेबल तेच असतं, पण एक बल्ब गुलाबीकडे झुकलेला असतो, दुसरा हिरव्याकडे. लाल सोफ्यावर कुणाला कळत नाही, राखाडी भिंत मात्र सगळं सांगते. बल्ब बदलले, भिंत जागेवर आली. रंगाचा एक थेंबही लागला नाही.

त्यामुळे माझं ठाम मत: आधी दिवे, मग रंग. जे बल्ब पुढे कायम राहणार आहेत ते आधी लावा आणि पुठ्ठे त्यांच्याखाली बघा. बल्बच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक केल्विनचा. २७०० केल्विन म्हणजे जुन्या तारेच्या बल्बसारखा पिवळा, ४००० च्या आसपास मधला, ६५०० निळसर पांढरा. पिवळ्या दिव्याखाली तपकिरी झाकेचा राखाडी साईसारखा होतो आणि निळसर राखाडी कधी मवाळ होतो, कधी हिरवट. ६५०० खाली निळसर राखाडी दवाखान्यासारखा थंड पडतो. दुसरा आकडा सीआरआयचा, जास्तीत जास्त १००. उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा तो अंदाज. राखाडी खोलीत ९० च्या वरचे घ्या. ८० वाल्यांनी काम भागतं, पण अशा खोलीत कुरकुर राहते.

याच कारणामुळे आणखी एक चमत्कार घडतो. पडद्याचा राखाडी आणि भिंतीचा राखाडी दिवसा अगदी जुळलेले असतात, रात्री दिवा लावला की फारकत घेतात. दोन्ही राखाडी वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतात. एका उजेडात त्यांची बेरीज सारखी येते, दुसऱ्या उजेडात येत नाही. शास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. यावर उपाय एकच, जुळवायचं ते दोन्ही उजेडांत जुळवून बघायचं. किंवा जुळवायच्या फंदातच पडायचं नाही. भिंतीपेक्षा दोन पायऱ्या गडद पडदा घेतला की कुणी त्यांची तुलना करत नाही.

एकच रंग, एका खोलीत मऊ, दुसरीत बर्फ

खिडकीची दिशा. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा उजेड येतो. निरभ्र निळ्या आकाशाचा उजेड १०,००० केल्विनच्याही वर जातो. म्हणजे तुमच्या खोलीत दिवसभर एक निळसर दिवाच लागलेला असतो. अशा खोलीत निळ्या झाकेचा राखाडी मारणं म्हणजे आगीत तेल ओतणं, फक्त इथे आग थंड आहे. तपकिरी किंवा पिवळट झाक इथे सावरून घेते. दक्षिणेच्या खोलीत निळसर आणि शुद्ध राखाडी दोन्ही खपून जातात. विषुववृत्ताच्या खाली राहणाऱ्यांनी हे उलटं वाचावं. पूर्वेची खोली सकाळी सोनेरी आणि दुपारनंतर निळसर, पश्चिमेची याच्या उलट, त्यामुळे तिथे एकच प्रश्न विचारायचा: तुम्ही त्या खोलीत कधी बसता? फक्त रात्री झोपायला वापरत असाल तर खिडकीची दिशा विसरा आणि बल्ब बघा.

खिडकीबाहेर काय आहे तेही बघा. दाट झाड असेल तर आत येणारा उजेड हिरवा होऊन येतो. समोर तांबडी भिंत असेल तर तांबूस. साध्या काचेतही लोहामुळे किंचित हिरवट झाक असते, तिची कड बघितलीत तर दिसेल. लाकडी किंवा तांबड्या जमिनीवरून उजेड उडून भिंतीच्या खालच्या भागावर पडतो, म्हणून भिंतीचा वरचा आणि खालचा भाग वेगळा वाटतो. यातलं काहीच तुम्ही बदलणार नसता, म्हणूनच पुठ्ठा त्याच खोलीत बघायचा. दुकानात नाही, गच्चीवर नाही, मैत्रिणीच्या घरी तर नाहीच.

कार्डावर फिका होता, खोलीत अंधार झाला

हा झाकेचा नाही, उजळपणाचा घोळ आहे. बऱ्याच कंपन्या शेडच्या मागे एलआरव्ही हा आकडा देतात. रंगावर पडलेल्या उजेडातला किती टक्के परत फिरतो, त्याचं हे माप. शून्य म्हणजे काळाकुट्ट, १०० म्हणजे आदर्श पांढरा. सगळ्यांना वाटतं ५० म्हणजे मधला राखाडी. नाही. आपल्या डोळ्याला अर्ध्यावरचा वाटणारा राखाडी जेमतेम १८ टक्के उजेड परत देतो, फोटोग्राफरच्या ग्रे कार्डावर १८ हा आकडा असतो तो त्यामुळेच. ५० एलआरव्हीचा राखाडी सीआयईच्या उजळपणाच्या पट्टीवर ७६ च्या आसपास बसतो, म्हणजे चांगलाच फिका.

याचा उपयोग असा. ६० आणि ६५ मध्ये तुम्ही रात्र जागवत असाल तर झोपा, त्या पट्टीवर त्यांच्यात तीनाचाही फरक नाही. १० आणि १५ मध्ये मात्र जवळपास आठाचा फरक आहे. गडद राखाडीत पाच गुण म्हणजे वेगळाच रंग. मी स्वतः कमी उजेडाच्या खोलीत ५५ च्या खाली उतरत नाही, पण एखाद्याला गुहेसारखी अभ्यासिका हवी असेल तर तो त्याचा प्रश्न.

झाकही खोलीभर वाढते. चार भिंती एकमेकींवर आपापला रंग उडवतात, त्यामुळे पुठ्ठ्यावर "अगदी थोडा निळा, छान" वाटलेला रंग कोपऱ्यांत बऱ्यापैकी निळा होतो. पुठ्ठ्यावर जितकी झाक आवडली तिच्यापेक्षा थोडी कमी झाक असलेली शेड घ्यायची. छताला तोच रंग देणार असाल तर ते भिंतीपेक्षा गडद दिसणार हे धरून चाला, त्याला मुख्यतः खालून उडालेला उजेडच मिळतो.

दोन पुठ्ठ्यांवर गाडी अडकली, घरात एकमत नाही

पुठ्ठे तीनच ठेवा. पाच ठेवलेत तर सहावा हवासा वाटतो. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि पूर्ण रात्री, असे दोन दिवस बघा. घरातल्या कायम राहणाऱ्या गोष्टींजवळ नेऊन बघा: दाराचं लाकूड, जमीन, मोठं कपाट. दारं पांढऱ्या ऑइल पेंटची असतील तर नीट बघा, तो पांढरा वर्षांनी पिवळट होतो, आणि पिवळट दाराच्या कडेला राखाडी भिंत आणखी निळी दिसते.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शेजारी शेजारी ठेवून बघणं झाक ओळखायला उपयोगी आहे, पण निवड करायला नाही. खोली रंगवून झाल्यावर तुमच्या भिंतीशेजारी तो दुसरा, नाकारलेला राखाडी कधीच नसणार. म्हणून शेवटी पुठ्ठे एकेकटे बघायचे. घरातल्या कुणाला तरी सांगा, तुम्ही बाहेर असताना दोनपैकी एक पुठ्ठा भिंतीला लाव. अर्ध्या तासाने आत येऊन ओळखा कोणता आहे तो. असं सहा वेळा करा. सहापैकी तीनदा चुकलात, तर त्या दोघांतला फरक तुमच्यासाठी नाहीच. जो डबा आधी हाताला लागेल तो घ्या.

एकमत न होण्याचं कारण कधीकधी डोळ्यातच असतं. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं होतं, आईला जो निळा दिसत नाही तो मुलीला दिसतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना तांबडा-हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत, स्त्रियांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. अशा डोळ्याला गुलाबीसर राखाडी आणि हिरवट राखाडी खरोखर एकच वाटू शकतात. तो हट्टाने म्हणत नसतो.

ठिगळ दिसतंय, किंवा एक भिंत वेगळी आली

बहुतेक वेळा दोन डब्यांतला फरक. एकाच कोडचे दोन डबेही मशीनवर थेंबभर इकडेतिकडे होतात, आणि राखाडीत थेंब दिसतो. सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घ्या, मग सुरू करा. रंग कमी पडेल असं वाटलं तर नवा डबा कोपऱ्यापासून सुरू करायचा, भिंतीच्या मध्यावर नाही.

फिनिश बदललं तरी रंग बदलल्यासारखा वाटतो. मॅट उजेड सगळीकडे पसरवतो, चकचकीत एका दिशेने फेकतो, त्यामुळे चकचकीतात तोच राखाडी जास्त गडद वाटतो आणि पुट्टीतला प्रत्येक उंचवटा दाखवतो. सॅम्पल मॅटमध्ये बघून भिंत सॅटिनमध्ये मारली तर तक्रार करायला जागा नाही. खाली जुना गडद रंग असेल तर आधी प्रायमर. एका हातात भागवलं तर खालचा पिवळा वर डोकावतो आणि राखाडी हिरवट होतो.

मारून झालाय, आता काय

लगेच पुन्हा डबा आणू नका. रिकाम्या खोलीत भिंतींशिवाय बघायला काही नसतं, म्हणून झाक ओरडते. सामान, पडदे, पुस्तकं येऊ द्या, आठवडा जाऊ द्या. मग बल्ब बदलून बघा. भावाचं प्रकरण तिथेच मिटलं. तरीही निळं वाटत असेल तर शेजारी आणखी निळं काहीतरी आणा, गडद निळी चादर किंवा गालिचा. शेव्रलचा नियम या वेळी आपल्या बाजूने वापरायचा: खऱ्या निळ्याशेजारी निळसर राखाडी राखाडी वाटतो. क्रीम किंवा पिवळट वस्तू भिंतीपासून लांब न्या, त्या निळेपणा वाढवतात. जांभळटपणा असाच जांभळ्या-तांबूस वस्तूंनी दबतो, पिवळ्या-हिरव्यांनी उठून दिसतो.

इतकं करूनही रोज डोळ्यांत खुपत असेल तर पुन्हा रंगवा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त नव्या शेडला जुन्याच्या विरुद्ध टोकाला नेऊ नका, माझं गोणपाट निळ्यापासून असं लांब पळतानाच तयार झालं. त्याच उजळपणाची, शून्याच्या जवळची शेड घ्या.

आणि डबा फेकण्याआधी झाकणावरचं लेबल पुठ्ठ्याच्या मागे चिकटवा. त्याखाली मार्करने खोली, फिनिश, बल्बचे केल्विन आणि महिना-वर्ष लिहा. माझ्या कपाटामागे असे चार पुठ्ठे आहेत. गोणपाटवाल्याच्या मागे मी तेव्हा रागाने फक्त "नको" एवढंच लिहिलं होतं. कोड लिहायला हवा होता, नेमकी कोणती शेड नको ते आता आठवत नाही.